न खेळता मिळालेले चार गुण

सांगलीच्या स्पर्धेत आक्काला पहिल्या चार फेऱ्यांत चार गुण मिळाले. चारांपैकी चार. शहरातले नावाजलेले खेळाडू खाली, आणि कराडशेजारच्या मलकापुरातली नऊवारी नेसलेली एक बाई फलकावर सगळ्यांत वर. दुसरं कुणी असतं तर पेढे वाटले असते. आक्का फलकासमोर उभी राहून दातओठ खात होती. कारण त्या चार गुणांतला एकही तिनं खेळून मिळवलेला नव्हता.

ही गोष्ट १९७६ सालची. आक्का म्हणजे हरणाबाई काशीद, माझी थोरली जाऊ. मी अंजना, धाकटी. थोरल्या जावेला अहो-जाहो करायची आमच्याकडची रीत, पण मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात तिनं मला दटावलं होतं, "मला आवं-जावं करायचं न्हाई. मी काय मामलेदार हाय?" तेव्हापासून अगं-तुगं.

आक्काचं माहेर पाटण. तिचे वडील ज्ञानूआबा देशी बुद्धिबळ खेळायचे. देशी म्हणजे आपलं जुनं. त्यात प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर चालायचं, राजाला डावातून एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा असायची आणि प्यादं पलीकडं पोचलं की ज्या घरात पोचलं त्या घरचं सोंगटं व्हायचं. आबांना मुलगा नव्हता. पावसाळ्यात तिकडं महिना महिना घराबाहेर पाय टाकता येत नाही, मग खेळणार कुणाशी? मुलीला बसवलं समोर. पंधराव्या वर्षी ती बापाला हरवायला लागली. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि खेळ थांबला, तो नवरा सुट्टीवर येईपर्यंत.

नवरा, म्हणजे आमचे थोरले दादा, नाथाजी, मराठा पलटणीत हवालदार. त्यांनी पलटणीत आंतरराष्ट्रीय नियमांचं बुद्धिबळ शिकून घेतलं होतं. पहिल्याच सुट्टीत ट्रंकेतून दुमडता पट काढला. आक्कानं नवे नियम दोन दिवसांत उचलले आणि तिसऱ्या दिवशी दादांना मात दिली. दादा खुश. माणूस मनानं मोठा होता, हे मी पुढं जे सांगणार आहे त्याच्या आधीच सांगून ठेवते. दादा सुट्टीवर आले की सकाळी उसाचं पाणी बघून यायचे आणि दुपारी नवरा-बायको पट मांडून बसायचे. सासूबाई कपाळाला हात लावायच्या.

बहात्तर साली आईसलँडात फिशर आणि स्पास्की यांचा जगज्जेतेपदाचा सामना झाला. पेपरात रोज बातमी यायची, कधी अख्खा डाव यायचा. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. दुपारची भांडी झाली की मी खेळ्या वाचायची आणि आक्का पटावर लावायची. दुसऱ्या डावाला फिशर आलाच नाही. कॅमेऱ्यांचा त्रास होतो म्हणून रुसला. स्पास्कीला न खेळता गुण मिळाला. मला वाटलं, बरं झालं त्याचं. आक्का भडकली.

"गुन घिऊन त्यो काय करनार? त्यो काय गुन न्ह्यायला आल्ता एवढ्या लांब? त्यो खेळायला आल्ता."

पुढं फिशर जिंकला. तीन वर्षांनी कार्पोव्हशी खेळायची वेळ आली, तेव्हा तो बसलाच नाही आणि कार्पोव्ह एकही खेळी न करता जगज्जेता झाला. मी बातमी वाचली. आक्का भाकरी थापत होती. म्हणाली, "बिचाऱ्याच्या जिवाला चैन पडत नसंल." तोच कार्पोव्ह पुढं गावोगाव स्पर्धा खेळत आणि जिंकत सुटला. मी खरा जगज्जेता आहे हे त्याला लोकांना दाखवायचं होतं म्हणे.

त्याच सुमारास मी कुठल्याशा साप्ताहिकात वाचलं, की फिशरनं पूर्वी एका मुलाखतीत म्हटलं होतं, जगातल्या कुठल्याही बाईला मी एक घोडा काढून देऊन हरवीन. मी ते आक्काला वाचून दाखवलं. दादांनी तिच्या हौसेखातर फिशरचा फोटो कापून कणगीच्या वरच्या भिंतीला चिकटवला होता. आक्कानं तो फाडला नाही. त्याच्याकडं बघत म्हणाली, "घोडा ठिवून खेळ म्हनावं. मग बघू."

दादा पेन्शनीत आले आणि सांगलीच्या स्पर्धेची जाहिरात त्यांनीच पाहिली. सांगली म्हणजे बुद्धिबळाचं गाव. कराडला दोन-तीन माणसं खेळणारी, ती दादांना आणि आक्काला पुरत नव्हती. दादांनी दोघांचीही नावं पाठवली. नियमांत 'पुरुषांसाठी' असं कुठं लिहिलेलं नव्हतं, कारण बाई येईल असं कुणाच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. सोबतीला मी. सांगलीत खणभागात माझी मावशी मनुबाई राहायची, तिच्याकडं उतरलो.

स्पर्धा एका शाळेच्या हॉलमध्ये होती, रोज दुपारी एक फेरी. स्पर्धेचे चिटणीस आप्पासो म्हणून होते, पांढरी टोपी, गोड बोलणं. आक्काला बघून त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाले, "या, या. बायकांनी बी यायला पायजे." आणि आम्हाला खिडकीजवळचं टेबल दिलं.

आक्कानं त्या दिवशी ठेवणीतलं हिरवं इरकली लुगडं नेसलं होतं. समोर पट, शेजारी दोन तोंडांचं घड्याळ. समोरचा खेळाडू मिरजेच्या एका बँकेतला. वेळ झाली, घंटा वाजली, आप्पासोंनी त्याच्या बाजूचं घड्याळ चालू केलं. खुर्ची रिकामी. तासभर जो येणार नाही तो हरला, असा नियम. आक्का ताठ बसून काट्याकडं बघत राहिली. आजूबाजूला टकटक सोंगट्या हलत होत्या, माणसं कपाळ चोळत होती. तास भरला. आप्पासो आले, "अभिनंदन बाई, एक गुण," म्हणाले.

"ते आजारी हैत का?" आक्कानं विचारलं.

"काय की. आलं हुतं सकाळी. यादी बघून गेलं."

दुसऱ्या दिवशी एक वकील होते. त्यांनी निरोप पाठवला, पोट बिघडलंय. आम्ही हॉलबाहेर पडलो तेव्हा समोरच्या हॉटेलात ते पोट बिघडलेले वकील मिसळ खात होते. आक्का रस्ता ओलांडून त्यांच्या टेबलापाशी गेली. मी तिचा पदर ओढत होते.

"पोट बरं वाटलं का?" ती म्हणाली.

वकिलांचा घास हातातच राहिला. "बाई, तुम्हाला गुण मिळाला ना? मग?"

"मला गुन नगं हुता. डाव पायजे हुता."

"घरी हवालदारसाहेब आहेत की खेळायला," असं म्हणून ते पावात बघायला लागले. शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं.

तिसरा दिवस सगळ्यांत वाईट. समोर भाऊसो. हळदीचा अडत्या, दोनदा जिल्ह्याचा विजेता, सांगलीत सगळे त्याला मानायचे. तो आला. वेळेवर आला. आक्काचा चेहरा मी बघितला, दिवा लागावा तसा उजळला होता. भाऊसो उभ्या उभ्याच टेबलाशी वाकला, निकालाच्या कागदावर स्वतःच्या नावापुढं शून्य घातलं, सही केली आणि पेन खिशाला लावलं.

"ह्ये काय?" आक्का म्हणाली.

"हरलो मी." मग मागं वळून दोस्तांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नाव हरणाबाई, आनि हरनं माज्या वाट्याला."

हॉल खदखदून हसला. आक्का उठली. "हरीन हाय त्ये, हरनं न्हवं," ती म्हणाली. "बस खाली. पांढरी तुजी हैत. खेळ."

"सही झाली बाई. आता न्हाई खेळता येत. नियम हाय," भाऊसो म्हणाला आणि चहाला गेला.

त्या दिवशी मावशीकडं आक्का जेवली नाही. दादा आपला डाव जिंकून आले होते, तीनात अडीच गुण. ते भीत भीत म्हणाले, "उद्याच्याला तरी कोन बसंल."

उद्याला दादाच बसले. तीन गुण असलेले तिघंच होते. दोघांची जोडी लागली, तिसऱ्या आक्कासाठी अडीचवाल्यांतून एकजण वर उचलला, तो नेमका नवरा निघाला. फलकावर जोडी लागली तेव्हा लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते. आप्पासो दादांना बाजूला घेऊन काहीतरी बोलले. मी लांबून पाहिलं, दादांनी मान हलवली. होय म्हणाले की नाही, ते कळलं नाही.

पण डाव सुरू झाला आणि आक्का चार दिवसांत पहिल्यांदा माणसात आली. दादा झकास खेळत होते. त्यांनी घोडे पुढं काढले, आक्कानं किल्लेकोट केला, मधल्या पट्टीत प्याद्यांची कोंडी झाली. बघ्यांची गर्दी जमली, आणि आता हसत कुणीच नव्हतं. आक्काची स्थिती थोडी अवघड होती. ती ओठ दुमडून विचार करत होती, आणि मला माहीत आहे, ती सुखात होती.

मग दादांनी हत्ती उचलला आणि आक्काच्या उंटाच्या माऱ्यात नेऊन ठेवला. फुकट.

आक्कानं पटाकडं बघितलं. मग दादांकडं. दादा खिडकीबाहेर बघत होते.

तिनं हत्ती खाल्ला नाही. राजा एक घर सरकवला, उगाच. दादांनी आता वजीर आणून ठेवला, तोही माऱ्यात. गर्दीत कुजबुज झाली. आक्कानं तोही खाल्ला नाही. हात मांडीवर ठेवले आणि भर हॉलमध्ये, घड्याळ चालू असताना, मोठ्यानं म्हणाली, "तुमी बी?"

दादा हळूच म्हणाले, "आगं, तीन दिस तू नुसती बसून हायस. एक तरी डाव तुजा व्हावा म्हनून..."

"म्हनून माजी कीव केली. ती तिघं पळून गेली, ती परवडली. तुमी समोर बसून पळालासा!"

आप्पासो धावत आले. "बाई, शांतता. बाकीच्यांचे डाव चाललेत."

"चाललेत न्हवं?" आक्का गरकन वळली. "तुमचं समद्यांचं चाललेत. माजा एक चालू दिला का तुमी? काय सांगितलं तुमी ह्यांला मगाशी, सांगा की. घरचं भांडन घरात मिटवा म्हनून सांगितलं?"

आप्पासोंची टोपी कपाळावर घसरली होती, ती त्यांनी नीट केली. दादांनी राजा आडवा केला. चौथा गुण.

मावशीकडं परत जाताना दोघं रस्त्याच्या दोन कडांनी चालत होते आणि मी मधून.

पाचवी आणि शेवटची फेरी बक्षीससमारंभामुळं सकाळी ठेवली होती. आक्कासमोर होता जालिंदर, मिरजेला रेल्वेत नोकरी करणारा पंचविशीचा माणूस. त्याचेही चार गुण होते, खेळून मिळवलेले. मी सकाळी लवकर वेणीफणी केली. आक्कानं पट काखेत मारला, सोंगट्यांची पिशवी घेतली आणि शाळेच्या उलट्या दिशेला चालायला लागली.

"आगं आक्का, हॉल इकडं!"

"म्हाइत हाय. आज माजं घड्याळ चालू दे. तासभर बगू दे त्यास्नी रिकामी खुर्ची."

"आन् आपण कुठं?"

"भाऊसोकडं. त्यानं माजा डाव न्हेलाय."

हळदीचा मोसम होता. बाजारात पाय ठेवला की नाकात पिवळा वास भरायचा. अडतीच्या दारात पोत्यांची थप्पी, आत हळकुंडांचे ढीग, हमाल, माल घेऊन आलेले शेतकरी. पहिला नंबर हुकल्यावर भाऊसोनं पुढच्या फेऱ्या सोडून दिल्या होत्या, तो गादीवर बसला होता. आक्का सरळ आत गेली, एका भरल्या पोत्यावर पट पसरला आणि सोंगट्या मांडायला लागली. काळ्या स्वतःकडं, पांढऱ्या त्याच्याकडं.

भाऊसो उठून उभा राहिला. "बाई, ह्यो धंदा हाय. इथं न्हाई खेळत."

"तितं बी न्हाई खेळलास. मग कुटं खेळतोस त्ये सांग, तितं येते."

सगळं दुकान थबकलं. तासगावकडचा एक म्हातारा शेतकरी पागोटं सावरत म्हणाला, "काय वो भाऊसो, बाई काय म्हनत्यात?"

आक्काच बोलली, "बाबा, ह्यो जिल्ह्याचा चॅम्पियन हाय. माज्यासमोर बसायच्या आदीच हरलो म्हनून सही करून पळाला."

"खरं का काय?" म्हाताऱ्याला मजा वाटली. हमालांनी पाठीवरची पोती खाली ठेवली.

भाऊसोनं आक्काला बाजूला नेलं. त्याचा आवाज एकदम वेगळा झाला होता, विनवल्यासारखा. "बाई, तुमी माजी अडचन समजून घ्या. ह्या बाजारात माज्या शब्दावर सौदे व्हत्यात. बाईकडनं हरला ह्ये एकदा झालं, की उद्या माजी बोली कोन ऐकनार?"

"मग जिक की!" आक्का ओरडली. "हरायचंच कशापायी धरून बसलास? जिक!"

माणसं हसली, आणि या वेळी भाऊसोला. तो पोत्यासमोर बसला.

पहिला डाव दोन-अडीच तास चालला असेल. भाऊसो बसला तेव्हा घाईत होता. दहाएक खेळ्यांनंतर त्यानं कोट काढून ठेवला, आणि तिथून तो खरा खेळायला लागला. आक्कानं त्याच्या राजावर धाव घेतली. त्यानं ती शांतपणे अडवली, एकेक सोंगटं बदलून घेतलं आणि शेवटी दोन प्याद्यांच्या जोरावर तिला हळूहळू चिरडलं. सुरेख खेळला. आक्कानं राजा आडवा केला.

मला वाटलं, झालं, आता हिचा राग निवला. भाऊसोच्या कपाळावरचा घाम पिवळा झाला होता. तो उदारपणे हसला. "लय चांगलं खेळलासा बाई. खरंच. बसायचं का आनि एक?"

आक्का त्याच्याकडं बघत राहिली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते हरल्याचं नव्हतं.

"तुमी ह्ये असं खेळता," ती म्हणाली. "दर रविवारी एकामेकासंगं तुमी ह्ये असं खेळता. आनि मला अडतीस वर्सांत आज ह्यो पयला डाव. तो बी भीक मागून. असली मानसं मला वीस वर्सं आदी समोर मिळाली असती तर मी कुटं असते? सांग की! आनि आता बसतोस व्हय? जिकलास म्हनून बसतोस?"

आक्कानं नाक पदरानं पुसलं आणि सोंगट्या पुन्हा मांडल्या. "मांड. बसते मी. मला राग आलाय म्हनून काय मी खुळी न्हाई."

दुसऱ्या डावात तिच्या पांढऱ्या. आता ती धावली नाही. त्यानं तिला केलं तेच तिनं त्याला केलं, एकेक सोंगटं बदलत गेली. शेवटी दोघांकडं राजे, एकेक घोडा आणि थोडी प्यादी राहिली. भाऊसोचा घोडा कोपऱ्यात अडकला. म्हाताऱ्या शेतकऱ्याला बुद्धिबळातलं काही कळत नव्हतं, पण भाऊसोच्या मानेकडं बघून तो म्हणाला, "आता ह्यो गडी गेला." तेवढ्यात भाऊसो उठला आणि त्याच्या सदऱ्याची बाही पटाला लागली. सोंगट्या हळदीत सांडल्या.

"अरारा," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या आता. समारंभाला जायचंय."

आक्कानं पोत्यावरचा पट सरळ केला, सोंगट्या वेचल्या आणि डाव होता तसा लावला. "हितं हुता का न्हाई तुजा घोडा?"

भाऊसोनं बघितलं. दुसरा कुणी असता तर नाही म्हणाला असता. तो बुद्धिबळपटू होता, त्याला पटाशी खोटं बोलता येईना. "व्हय," तो पुटपुटला. मग अगदी खालच्या आवाजात, "हरलो."

"मोठ्यानं म्हन."

तो कोट घालून पाठमोरा झाला.

संध्याकाळी समारंभाला आम्ही गेलो ते केवळ दादांना घेऊन मुक्कामाची गाडी पकडायची म्हणून. दारातच भाऊसोचा आवाज ऐकू आला. चार-पाच जणांच्या घोळक्यात तो सांगत होता, "सकाळी आल्या हुत्या बाई दुकानात. खेळलो की मी. दोन प्याद्यांनी हरवलं." दुसऱ्या डावाचं नाव नाही. आक्का त्याच्याकडं निघाली तेवढ्यात मधे एक माणूस आडवा आला. काळासावळा, शिडशिडीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट. जालिंदर. त्याच्या हातात पहिल्या नंबरचा कप होता आणि तो कप त्यानं नको असलेल्या वस्तूसारखा धरला होता.

"तुमी आला न्हाईसा," तो म्हणाला.

"तू तरी कुटं बसनार हुतास?" आक्का फणकारली.

"मी बसलो हुतो. वेळेच्या आदी येऊन बसलो हुतो. तासभर." त्याचा आवाज कापत होता, रागानं. "काल रातीपातूर तुमचा अन् हवालदारसाहेबांचा डाव लावून बघत हुतो, तुमी काय खेळचाल म्हनून. आनि ह्ये कप घ्या म्हनत्यात. न खेळता."

आक्का त्याच्या हातातल्या कपाकडं बघायला लागली.

"माज्यासमोरनं बी मानसं उठून गेल्यात, बाई. आमचं घर छप्पन सालापास्नं बौद्ध. ह्याच गावात मी पयल्यांदा खेळायला आलो, तवा एकानं सोंगट्या फडक्यानं पुसून घेतल्या हुत्या. म्हनून म्हनलं, आपन तरी बसायचं. तुमी बी त्यांच्यासारकंच केलंसा."

चार दिवस सगळ्या सांगलीला फाडून खाणाऱ्या आक्काची मान खाली गेली. मग तिनं दादांना विचारलं, "गाडी कवा हाय?" दादा म्हणाले, "हाय अजून अर्धा-पाऊन तास." आक्का जालिंदरला म्हणाली, "स्टँडवर येतोस?"

तो आला. फलाटावरच्या बाकावर पट मांडला, पण गाडी वेळेआधीच लागली आणि कंडक्टर बोंबलायला लागला. डाव धड सुरूही झाला नव्हता. "मलकापूरला ये," आक्का खिडकीतून म्हणाली. "पत्ता हवालदाराचा इचार. कुनी बी सांगंल."

पेपरात बातमी आली ती अशी, की मलकापूरच्या हरणाबाई काशीद यांनी चार गुण मिळवून आश्चर्याचा धक्का दिला, मात्र निर्णायक फेरीत त्या दडपणामुळे उपस्थित राहिल्या नाहीत. 'दडपण' हा शब्द मी वाचला तेव्हा आक्कानं लाटणं भिंतीवर मारलं. पुढच्या वर्षी जाहिरातीत 'फक्त पुरुषांसाठी' असं छापून आलं. महिलांसाठी वेगळा गट काढला होता. आक्का त्याला गेली. कॉलेजच्या तीन पोरी होत्या, तिघींनाही हरवलं आणि आप्पासोंनी हातात दिलेला स्टीलचा डबा त्यांच्याच टेबलावर ठेवून आली. मात्र त्या तिघींपैकी दोघींना पुढं तिनंच शिकवलं, सुट्टीत आमच्याकडं ठेवून घेऊन. शिकवताना शिव्या द्यायची.

सांगलीहून परतल्यावर दादांशी ती पावसाळा संपेपर्यंत कामापुरतं बोलत होती. मग एके दुपारी दादांनी स्वतःच पट काढला. तो डाव ते जीव तोडून खेळले आणि हरले, आणि इतके चिडले की जेवणाचं ताट तसंच ठेवून शेतात निघून गेले. आक्कानं त्यांच्या वाटणीची भाकरीही खाल्ली. "आता कसं," मला म्हणाली.

जालिंदर आला तो त्याच वर्षीच्या, शहात्तरच्या दिवाळीत. दादांनी सोप्यात खुर्ची दिली, आक्कानं पट मांडला. डाव रंगात आला होता. सासूबाईंनी, बाळाबाईंनी, माझ्या हाती चहा पाठवला. दोन कपबश्या नेहमीच्या, आणि एक कानतुटका कप, जो आमच्याकडं गोठ्याच्या वळचणीला वेगळा ठेवलेला असायचा. तो कुणासाठी ते सांगायची गरज नव्हती. मी ट्रे धरून उंबऱ्यात अडखळले.

आक्कानं वर बघितलं. तिनं तो कप उचलला, चहासकट अंगणात नेला आणि धुण्याच्या दगडावर फोडला. मग आत तोंड करून सासूबाईंना जे बोलली, ते मी इथं लिहीत नाही. वीस वर्षांचं साठलेलं होतं, त्यातलं बरंचसं कपाबद्दल नव्हतंही. सासूबाई रडायला लागल्या. दादा त्यांच्याकडं गेले. शेजारची माणसं दारात आली. आक्काचा आवाज चढतच होता.

जालिंदर खुर्चीतून हलला नव्हता. बराच वेळ त्यानं वाट बघितली. मग तिथूनच म्हणाला, "बाई, भांडा सावकाश. पर चाल तुमची हाय."

आक्का आत आली. धापा टाकत होती. बसली, पटाकडं बघितलं आणि रागाच्या भरात घोडा टाकला, तो चुकीच्या घरात. वीसेक खेळ्यांत हरली.

"ह्यो धरायचा न्हाई," ती म्हणाली. "माजं ध्यान नव्हतं."

"मग तुमी ध्यान द्यायचं हुतं," जालिंदर म्हणाला.

आक्का त्याच्यावर अशी खेकसली, की मी दुसऱ्यांदा चहा टाकायला आत पळाले. परत आले तेव्हा दोघं पुन्हा मांडून बसले होते.